जमीन खचली नव्हती

तर शेवटी तुम्ही निघालातच, सिस्टर. मी फोनवर सांगितलं होतं, पाऊस पडेपर्यंत तरी थांबा. तुम्ही म्हणालात, सरकार पावसाची वाट बघत नाही, वय झालं की झालं. बरं, वय झालं. पण माझ्या आईशी तुमचं भांडण कुठं पुरं झालंय? ते अर्ध्यावर टाकून, सामान बांधून, मण्यांची माळ घालून घ्यायला तुम्ही खुर्चीवर बसलात, आणि भांडण आलं माझ्या गळ्यात. मला ते झेपत नाही. इतक्या लांबून तर नाहीच.

मास्तर, चुकलं. आधी अध्यक्षांचं नाव घ्यायचं असतं, हे तुम्ही बजावून सांगितलं होतं. पण लिहिलेलं आता खोडत नाही, दुसरा कागद नाही. इथून नीट सुरू करतो.

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सगळ्या वस्त्यांचे म्होरके, आदरणीय मेइतामेई काका. जिल्ह्याहून एवढी धूळ खात आलेल्या आरोग्य खात्याच्या बाई. दवाखान्यात नव्यानं रुजू झालेले गॉडलिव्हिंग भाऊ. शाळेचे दोन वर्ग एक करून हा हॉल देणारे आणि माझं हे वेडंवाकडं अक्षर लावून वाचणारे कोइमेरे मास्तर. दारात उभे असलेले माझ्या बरोबरीचे सगळे. समोर बसलेल्या आया, मावश्या, वहिन्या. आणि आजच्या सत्कारमूर्ती, आमच्या तुंपे सिस्टर. तुम्हा सर्वांना लोशिरोचा नमस्कार. मी तिथं असतो तर थोरांपुढं डोकं झुकवून उभा राहिलो असतो. आता माझ्याऐवजी मास्तरांच्या डोक्यावर हात ठेवा. केस नाहीत त्यावर, आशीर्वाद लवकर पोचेल.

आणि येयो, माझे आई, तुलाही नमस्कार. माझी आई नोलारी पहिल्या रांगेत नसेल तर कुणीतरी तिला पुढं आणून बसवा. भाषण सिस्टरांच्या नावाचं आहे, पण अर्धं तिच्यासाठी आहे. ती उठून जायला लागली तर मास्तरांनी आवाज वाढवावा.

खरं म्हणजे अशा समारंभात माझ्यासारख्यानं काय बोलावं? माझी शाळा चौथीपर्यंत, तीही गुरं बांधावर सोडून खिडकीतून ऐकलेली. इथं दार-एस-सलाममध्ये मी बायकांच्या वेण्या विणतो. त्याआधी टायरच्या चपला विकल्या, त्याआधी एका गोदामाच्या फाटकावर काठी घेऊन उभा होतो. मी एका जागी टिकत नाही, हे येयो तुम्हाला सांगत असतेच. समितीनं कळवलं, सिस्टरांचे गुण लिही, पाच मिनिटं देऊ. मी विचार केला. गुण एकच सुचला. त्या भांडतात. आणि भांडताना समोरच्याला अडाणी म्हणत नाहीत. असं भांडणारं माणूस मला शहरात अजून भेटलेलं नाही.

हे भांडण कशाचं, ते जिल्ह्याच्या बाईंना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो.

माझ्या आईनं या वस्त्यांमधली निम्मी माणसं जन्मताना हातावर झेललीत. व्यासपीठावरही एकदोघं असतील, त्यांनी संकोच करू नये. तिचा नियम सगळ्यांना माहीत आहे. बाई गरोदर राहिली की तिचा दुधाचा तुंबा वेगळा. आधी दुधात पाणी. पोट दिसायला लागलं की पाण्यात दूध. शेवटी शेवटी कडू सालीचा काढा, म्हणजे चुकून पोटात गेलेलंही बाहेर यावं. पोर लहान राहिलं पाहिजे. लहान पोर सुटतं, मोठं पोर अडतं. बाळंत झाली की मग मेंढी कापा, चरबी पाजा, दूध लागेल तेवढं द्या. आधी नाही.

ती हे कुणाचं वाईट व्हावं म्हणून करत नाही. तिची धाकटी बहीण अडून गेली. पोर मोठं होतं. तेव्हा रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता. माणसांनी तिला कातड्यावर घालून उचललं, ती ओढ्यापर्यंतही पोचली नाही. येयो तिचं डोकं धरून चालत होती. ज्यानं हे बघितलंय त्याच्याशी तुम्ही काय वाद घालणार?

सिस्टरांनी घातला. इथं आल्या त्याच वर्षी. गुरांच्या पाण्याच्या हौदापाशी, सगळ्या बायकांसमोर. त्या बायकांपैकी बऱ्याच जणी आज इथं आहेत, मी चुकत असलो तर सांगा.

सिस्टर म्हणाल्या, "नोलारी, पोटातल्या पोराची हाडं कशाची होतात गं?"

येयो म्हणाली, "देव देतो."

"देतो ना. पण कशातून देतो? तुझी गाय गाभण असली की तू तिला खारवट माती चाटायला लांब नेतेस. का नेतेस?"

"गाय वेगळी."

"हो, वेगळीच. गाईची काळजी घेतात."

बायका हसल्या. येयो हसली नाही. तिनं विचारलं, "तुला पोरं किती, सिस्टर?"

"एक."

"एक. आणि मला शिकवायला आलीस."

तेव्हापासून हे चालू आहे. बाजारात चालू, लसीच्या दिवशी चालू, कुणाच्या बारशाला गेल्या तरी चालू. मधेच दोघी एकमेकींना तंबाखू द्यायच्या आणि पुन्हा सुरू. आम्हा पोरांना वाटायचं, म्हाताऱ्यांना दुसरा उद्योग नाही.

मग नालांगूचं झालं.

नालांगू माझी मोठी बहीण. ती आज आली असेल, पण खाली बसली नसेल, भिंतीला टेकून उभी असेल. ती लग्न होऊन गेली तेव्हा वस्तीत तिच्याएवढी उंच मुलगी नव्हती. आमच्या घरात मधल्या खांबाला वर एक खुंटी आहे, दुधाचा तुंबा टांगायची. येयो चवड्यांवर उभी राहून तो तुंबा काढते. नालांगू चालता चालता काढायची. दुसऱ्या बाळंतपणानंतर ती महिनाभर माहेरी आली. पाठीला हात लावून चालायची, कूस बदलताना दात आवळायची. येयो म्हणाली, मूल झालं की पाठ दुखतेच, माझी नाही दुखली?

पुढचं मला नालांगूनंच सांगितलं, हसत हसत. हसताना ती अजून बरगडीला हात लावते.

एके सकाळी ती तुंबा काढायला गेली आणि हात पोचेना. तिनं हाक मारली, "येयो, खुंटी वर का नेलीस?"

"मी कशाला नेऊ? माझ्या सासूनं ठोकलेली खुंटी आहे ती."

"मग माझा हात का पोचत नाही?"

आधी नातवंडांवर आळ आला. मग खांबावर. खांब जागचा हललेला नव्हता. मग येयोनं खाली बघितलं. आमच्यात घर बाईनं बांधायचं असतं. भिंत तिची, छप्पर तिचं, जमीन तिची. घराला काही झालं तर नाक तिचं कापलं जातं. येयो म्हणाली, "जमीन खचलीय. रोज झाडून झाडून माती गेलीय." शेजारच्या दोघी आल्या, त्यांनीही मान डोलावली. हो, खचलीच आहे, केवढी खाली गेलीय बघा.

मग जमीन उचलायचं ठरलं. शेण आणलं, माती आणली, पाणी आणलं. पाट्या कुणी वाहिल्या? नालांगूनं. तुडवलं कुणी? नालांगूनं. पाठीत कळ यायची तेव्हा ती खांबाला धरून थांबायची आणि पुन्हा पाटी उचलायची. चांगली चार बोटं जमीन वर आली. वाळली. नालांगूनं हात वर केला. तरी पोचेना. येयो म्हणाली, अजून एक थर देऊ.

तो दुसरा थर चालू असताना सिस्टर बाळाचं वजन करायला आल्या. वाकून आत शिरल्या आणि ओल्या शेणात पाय घातला.

"काय गं हे?"

"जमीन खचली होती, ती उचलतोय."

"कशावरून खचली?"

"पोरीचा हात खुंटीला पोचत नाही."

सिस्टरांनी शेणातून पाय काढला. नालांगूकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नोलारी, तू काढ बघू तुंबा."

येयोनं काढला. चवडेसुद्धा उचलावे लागले नाहीत.

"तुझा पोचला."

"मग?"

"जमीन खचली असती तर तुझ्या पायाखालीही खचली असती ना? खुंटी आहे तिथंच आहे. जमीन उलट चार बोटं वर आलीय. तुझी पोर खाली आलीय."

नालांगू म्हणते, येयो तुंबा हातात धरून तशीच उभी राहिली. आधी तुंब्याकडे बघितलं, मग शेणाकडे, मग हिच्याकडे.

सिस्टरांनी त्याच दिवशी गाडी मिळवली. जिल्ह्याच्या इस्पितळात पाठीचा फोटो काढला. ओल्या शेणाच्या गोळ्यांवर कुणी बसावं तसे तीन मणके दबले होते. डॉक्टर म्हणाले, बाळंतपणात हाडं इतकी ठिसूळ होणं क्वचितच बघायला मिळतं. येताना गाडीत नालांगूनं विचारलं, माझ्याच वाट्याला का? तेव्हा सिस्टरांनी जे सांगितलं ते नालांगूनं मला सांगितलं, आणि मी इथं केस विणता विणता कितीतरी बायकांना सांगितलंय.

त्या म्हणाल्या, दुष्काळातली गाय बघितलीस ना? गवताची काडी नाही, तरी वासरू लुचतं आणि गाय दूध देते. कशातून देते? स्वतःच्या अंगातून. मग तिच्या पाठीची हाडं मोजून घ्या. बाईचंही तसंच. शेवटच्या महिन्यांत पोराची हाडं भरायला लागतात, त्याला चुना लागतो, तो आईच्या खाण्यापिण्यातून मिळाला नाही तर पोर आईच्या हाडातून नेतं. जन्मल्यावर अंगावर पितं तेव्हाही नेतं. ते काही चोर नाही, त्याला तेवढंच कळतं. बहुतेक बायकांचं पोर दूध सोडतं, खाणंपिणं मिळतं आणि हाड पुन्हा भरून येतं. सगळ्याच वाकत नाहीत. पण काहींची हाडं मुळातच हलकी असतात, आणि कुणाची तशी आहेत हे वरून दिसत नाही. तशा बाईला तुंबा पातळ दिला, वर लगेच दुसरं पोर, वर डोक्यावर पाण्याचा हंडा, तर पाठ किती धरेल?

नालांगूची पाठदुखी पुष्कळ कमी झाली. उंची परत आली नाही. खुंटीवरचा तुंबा आता तिची मोठी पोरगी काढून देते.

त्यावर येयोनं काय केलं? दुसऱ्या दिवशी तिनं एकटीनं ती उचललेली जमीन खरवडली, जुनी जमीन लागेपर्यंत. कुणाला हात लावू दिला नाही. आणि नालांगूला पाणी न घातलेलं दूध द्यायला लागली. आम्ही म्हटलं, चला, भांडण मिटलं. सिस्टर तुम्हीही म्हणालात, मिटलं.

मिटलं नव्हतं. नालांगू तेव्हा गरोदर नव्हती. तिला दूध देऊन येयोचा नियम कुठं मोडत होता?

आता माझी बायको रेसियातो गरोदर आहे. सहावा महिना. घरातली गोष्ट अशी चारचौघांत सांगू नये, पण मी आता थकलोय, आणि तुमच्यासमोर सांगितली नाही तर ती फोनमध्येच राहील. गेल्या आठवड्यात मी रेसियातोला विचारलं, "दूध मिळतं का?"

"मिळतं."

"कसलं?"

"पांढरं असतं. तळ दिसतो."

"पाठ?"

"पाठीचं विचारू नका. आणि एक सांगू का? आत्याबाई मला दर दोन-चार दिवसांनी खुंटीला हात लावायला लावतात. पोचला की 'पोचतोय' म्हणतात आणि तोच पाणचट तुंबा पुढं करतात."

सिस्टर, हे मी तुम्हाला कळवलं. तुम्ही म्हणालात, हात पोचेनासा होईल तेव्हा उशीर झालेला असेल, लोशिरो. आणि मग म्हणालात, माझी बदलीची ऑर्डर नाही रे, मी निवृत्त होतेय. तुमचं गाव टुकुयूकडं, हिरवं आहे, केळी आहेत, तिथं जा, बसा, तुमचा हक्क आहे. मी कशाला रागवू? पण रागावलो.

मग मी येयोला फोन लावला. मास्तर, हे दोन्ही आवाज काढून वाचा.

"येयो, तिला नीट दूध दे."

"तू कुठून बोलतोयस?"

"कामावरून."

"कसलं काम? बायकांच्या डोक्यातलं. बायकांच्या पोटातलं तुला कधीपासून कळायला लागलं?"

"नालांगूला बघून कळायला लागलं."

"आणि माझ्या बहिणीला बघून मला कळलं. तू तेव्हा नव्हतास."

फोन ठेवला तिनं. दर वेळी इथंच ठेवते. तिचं खोटं असतं तर मी ओरडलो असतो. खोटं नाही म्हणून दमायला होतं.

इथंही वेगळं नाही. गेल्या महिन्यात एक पोटुशी बाई वेण्या घालायला बसली. ओढणीच्या गाठीत विकतची माती, तुकडा तुकडा तोंडात टाकत होती. मी म्हटलं, ताई, हे कशाला? म्हणाली, पोराची हाडं घट्ट होतात. मी म्हटलं, आमच्या सिस्टर सांगतात, मातीनं होत नाहीत, उलट खाल्लेलं अंगी लागत नाही. खालच्या दुकानात दूध आहे, सुकी बारकी मासळी आहे, ती काट्यासकट खा. ती म्हणाली, "तू माझे केस ओढायचे पैसे घेतोस, कान नको ओढू." पुढच्या वेळी आली तेव्हाही गाठीत माती होतीच. तर इथं दारात दुकान आणि बाई माती खाते. तिथं दारात गाय आणि बाई पाणी पिते. मी मधे कंगवा घेऊन उभा.

येयो, आता शेवटचं. तुला ऐकायला जड जाईल, पण सगळ्यांसमोर सांगतोय म्हणजे तुला फोन ठेवता येणार नाही.

तुझी बहीण गेली तेव्हा रस्ता नव्हता. आता आहे. वाईट आहे, पण आहे. सिस्टरांनी जाता जाता गॉडलिव्हिंग भाऊंना सगळं समजावलंय, आणि जिल्ह्याच्या बाई इथंच बसल्यात, त्यांच्यासमोर बोलतोय. दिवस भरायच्या आधी मी येतो. वेण्या राहू देत. मी रेसियातोला आधीच जिल्ह्याच्या इस्पितळाजवळ नेऊन ठेवतो. तूही चल, तिचं डोकं तूच धर. पोर मोठं झालं आणि अडलं, तर तिथं पोट उघडून काढतात. तेवढ्यानंही वाईट झालं, तर शिव्या मला घाल, जन्मभर. पण तिची पाठ माझ्या पोरानं नेली, तर शिव्या मी कुणाला घालू?

तू म्हणशील, दूध आहे कुठं? बाकीची गुरं लांब चाऱ्याला गेलीत, दारात एक काळी गाय उरलीय, आणि तिचं दूध मोटरसायकलवरचा दूधवाला किसियोकी नेतो. मला माहीत आहे. त्या पैशावर घरात पीठ येतं, हेही माहीत आहे. आणि आणखी एक माहीत आहे. एकदा बाबा रानातून घसा कोरडा घेऊन आले आणि त्यांनी भरलेल्या तुंब्याला हात घातला. तू हात धरलास. म्हणालीस, "हे विकलेलं आहे. माझं नाही." बाबा पाणी पिऊन झोपले. किसियोकी सांगतो, एवढ्या वस्त्यांमधून दूध घेतो, नोलारीचं कधी तपासलं नाही. पैसे घेतले की त्यात थेंबभर पाणी घालणं तुझ्या हातून होत नाही.

सुनेला फुकट द्यायच्या दुधात तू पाणी घालतेस, कारण ते तुझं आहे, तुझ्या हक्काचं. म्हणून मी ते तुझ्याकडं मागत नाही. मागून थकलो. मी विकत घेतो. काळ्या गाईचं, रोज एक लिटर, किसियोकी देतो त्याच भावानं, महिन्याचे पैसे आधी. किसियोकीला मी सांगितलंय, तो हसला, पण हो म्हणाला. गिऱ्हाईकाचं नाव रेसियातो. दूध तूच अंगणापलीकडं तिच्या घरी पोचवायचं, आणि ती पिईपर्यंत तिथंच थांबायचं, कारण ती स्वतः मागणार नाही. पोर अंगावर पितंय तोवर हे गिऱ्हाईक सुटणार नाही.

सिस्टर, तुम्ही गाडीत बसायच्या आधी एकदा आमच्या घरावरून जा. भांडू नका. नुसतं येयोनं दूध मोजताना बघा, आणि दोघी मिळून तंबाखू ओढा. आम्हाला तुम्ही किती लशी टोचल्यात, किती रात्री उठलात, हे इतर लोक बोलले असतील. मी एवढंच म्हणतो की तुम्ही जमिनीकडं न बघता माझ्या बहिणीकडं बघितलंत. आपली माणसं आपल्याला दिसत नव्हती, परक्या बाईला दिसली. त्याचे आभार कसे मानायचे, मला शिकवलेलं नाही.

अध्यक्षांनी वेळ दिला, मास्तरांनी घसा झिजवला, समितीनं अशा माणसाला बोलायला सांगायचा धीर केला, सगळ्यांचे उपकार. थोरांपुढं लहान तोंडानं जास्त बोललो असेन, कुणाच्या घरचं उघडं केलं असेल, आईला उलटून बोललो तर आहेच. ते माझ्या चौथीच्या खात्यावर टाका आणि सोडून द्या.

येयो, पैसे मास्तरांच्या फोनवर येतील, समारंभ संपला की ते तुझ्या हातात देतील, सगळ्यांसमोर मोजून घे. पहिल्या महिन्याच्या दुधाचे, पाणी न घातलेल्या: छत्तीस हजार शिलिंग.